उपासमारीत मदत: बातमी येण्याआधी, आल्यावर आणि ओसरल्यावर

'दुष्काळ' हा शब्द मराठीत दोन वेगळ्या संकटांसाठी वापरला जातो, आणि मदत करू पाहणाऱ्याची पहिली गफलत तिथेच होते. पाऊस दडी मारतो, विहिरी आटतात, पिकं करपतात, ते अवर्षण. माणसं अन्नावाचून मरू लागतात, तो अन्नदुष्काळ. अवर्षण पडलं की उपासमार होतेच असं नाही, आणि उपासमारीला अवर्षण लागतंच असंही नाही.

१९४३ साली बंगालमध्ये वीस ते तीस लाख माणसं भूक आणि रोगराईने गेली. युद्धाचा काळ होता, तांदळाचे भाव भडकले होते. कलकत्त्यातल्या बऱ्याच नोकरदारांना रेशन मिळत राहिलं. मेले ते खेड्यातले शेतमजूर, मासेमार, नावाडी. १९७३ मध्ये इथिओपियातल्या वोलो प्रांतात लोक उपाशी मरत होते तेव्हा तिथल्या बाजारात धान्याचे भाव फारसे चढलेही नव्हते, उलट वोलोतून थोडंफार धान्य बाहेर जात होतं. पिकं गेली तशी लोकांची कमाई गेली, आणि ज्याच्या खिशात पैसा नाही त्याच्यासाठी धान्य गाडी भरून परगावी जातं. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलेली ही गोष्ट ध्यानात ठेवली की मदतीची दिशा बदलते. म्हणून पुढचा बराचसा सल्ला पैशाबद्दल आणि वेळेबद्दल आहे, धान्याच्या पोत्यांबद्दल फार कमी.

पहिली पायरी: 'दुष्काळ जाहीर' होण्याची वाट पाहू नका

भुकेची तीव्रता मोजण्यासाठी आयपीसी नावाची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी वापरली जाते. तिच्या पाच पायऱ्या आहेत. तिसरी 'संकट', चौथी 'आणीबाणी', आणि पाचवी म्हणजे प्रत्यक्ष दुष्काळ. एखाद्या भागाला पाचवी पायरी लावायची तर तीन अटी लागतात: किमान २० टक्के घरांत अन्नाची टोकाची टंचाई, ५ वर्षांखालच्या किमान ३० टक्के मुलांत तीव्र कुपोषण, आणि भूक किंवा कुपोषण-आजाराच्या जोडीमुळे दर १०,००० माणसांमागे दिवसाला किमान २ मृत्यू. आता तिसरी अट पुन्हा वाचा. म्हणजे हा शब्द वापरला जाईपर्यंत माणसं मरू लागलेली असतात.

सोमालियात जुलै २०११ मध्ये दुष्काळ जाहीर झाला. त्या संकटात सुमारे २,५८,००० माणसं मेली, त्यातली निम्म्याहून अधिक ५ वर्षांखालची मुलं. आणि जाहीर होईपर्यंत एकूण मृत्यूंपैकी जवळपास निम्मे होऊन गेले होते. इशारे २०१० च्या अखेरीपासून येत होते, पैसा मात्र घोषणेनंतर आला.

तेव्हा तिसऱ्या-चौथ्या पायरीची बातमी हीच मदतीची वेळ. आयपीसीचे नकाशे कुणालाही मोफत पाहता येतात; १९८५ पासून चालणारी 'फ्यूज नेट' ही पूर्वसूचना यंत्रणाही येत्या काही महिन्यांचे अंदाज देते. नकाशात नारंगीनंतर लाल रंग दिसू लागला की समजा, पाणी गळ्याशी आलं आहे.

नकाशा नको असेल तर बाजाराकडे पाहा. मला यातलं सगळ्यात बोलकं चिन्ह वाटतं ते एका शेळीत किती धान्य येतं याचं. लोक जनावरं विकायला काढतात तेव्हा जनावराचा भाव पडतो आणि त्याच वेळी धान्याचा चढतो. सहा महिन्यांपूर्वी एका शेळीत दोन पोती येत होती आणि आज अर्धं येतंय, तर त्या भागात उपासमार दाराशी उभी आहे. याशिवाय बियाणं खाऊन टाकणं, दारं-कौलं-भांडी विकणं, मुलांना शाळेतून काढणं आणि अख्खी कुटुंबं गाव सोडून निघणं. हे सगळं दिसू लागलं की नुसतं 'यंदा वर्ष जरा अवघड आहे' म्हणून भागत नाही.

दुसरी पायरी: वस्तू नाही, पैसे

जुने कपडे, चादरी, डबाबंद पदार्थ, औषधांच्या उरलेल्या पट्ट्या. संकट आलं की घराघरांतून हे खोके निघतात. मीही एकदा असा खोका मोठ्या समाधानाने भरला होता. पुढे गोदामात काम करणाऱ्या एका स्वयंसेवकाने सांगितलं की असे खोके उघडून, निवडून, बाद सामान टाकण्यातच त्यांचे दिवस जातात. त्यानंतर खोका भरला नाही.

सामान हलवायला भाडं लागतं, बंदरावर अडकतं, पोचेपर्यंत महिने उलटतात. जवळच्या बाजारात धान्य असेल तर बाहेरून फुकट आलेलं धान्य तिथल्या शेतकऱ्याचा आणि दुकानदाराचा धंदा बसवतं, म्हणजे पुढच्या वर्षीची भूक आपणच पेरतो. पैसा त्याच दिवशी पोचतो, जवळच्याच बाजारात खर्च होतो, आणि घरातल्या बाईला स्वतः ठरवता येतं की आज धान्य घ्यायचं, औषध घ्यायचं की पाण्याच्या टँकरचं भाडं द्यायचं. सोमालियात घोषणेनंतर मोठ्या भागांत परदेशी धान्यवाटपाला बंदी होती. तेव्हा हवाला व्यापाऱ्यांच्या जाळ्यातून रोख रक्कम आणि खरेदीची कुपनं वाटली गेली आणि दहा लाखांहून अधिक लोकांपर्यंत मदत गेली. 'रोख दिली तर उडवतील' ही भीती बहुधा देणाऱ्याच्याच मनात असते. उपाशी घर आधी अन्नच घेतं.

याला एक मोठा अपवाद आहे. वेढा पडलेला असेल, रस्ते तोडले असतील, बाजारात खरोखर काही नसेल, तर नोटा चावता येत नाहीत. तिथे धान्य आणि तयार पोषक अन्न बाहेरूनच जावं लागतं. पण तेही मोठ्या संस्थांनी घाऊक विकत घेऊन नेलेलं; तुमच्या-माझ्या खोक्यातलं नाही.

आणखी एक. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडी द्या, आणि 'अमुकच कामासाठी' अशी अट घालू नका. संस्थेला पुढच्या सहा महिन्यांचा भरवसा असेल तर ती माणसं नेमू शकते, आगाऊ माल घेऊन ठेवू शकते. अटी घातलेला पैसा नेमका नको त्या खात्यात पडून राहतो.

तिसरी पायरी: कुणाला द्यायचे

दोन प्रकारच्या संस्था लागतात आणि दोघींची कामं वेगळी. संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम, युनिसेफ, रेड क्रॉस आणि रेड क्रेसेंट यांच्याकडे जहाजं, गोदामं, डॉक्टर आणि युद्ध करणाऱ्या दोन्ही बाजूंशी बोलण्याची सोय असते. दुसऱ्या म्हणजे तिथल्याच माणसांनी उभ्या केलेल्या. सुदानमध्ये एप्रिल २०२३ मध्ये युद्ध पेटल्यावर परदेशी संस्थांची माणसं राजधानीतून निघून गेली, आणि मोहल्ल्यातल्या तरुणांनी 'आपत्कालीन प्रतिसाद कक्ष' या नावाने सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली. जिथे कुठलाही ट्रक पोचत नव्हता तिथे ती चुलीवरची पातेली पोचली. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेची सरकारी मदत थांबली तेव्हा त्यातली शेकडो स्वयंपाकघरं बंद पडली. माझ्या मते देणगीतला निदान काही हिस्सा अशांकडे जावा, कारण मोठ्या दात्यांचे अर्ज-अहवाल त्यांना झेपत नाहीत.

तपासायचं काय? संकट येण्याआधीपासून ती संस्था त्या भागात होती का. नोंदणी क्रमांक आणि तपासलेले हिशेब उघड आहेत का. काम नेमकं कुठल्या जिल्ह्यात चालू आहे ते सांगते का. ज्याला काही विचारलं की फोटोच पाठवतो, गावाचं नाव सांगत नाही, त्याच्यापासून लांब राहा. वैयक्तिक खात्यात पैसे मागणारा, 'आज रात्रीच द्या' म्हणून मागे लागणारा, ओळखीच्या संस्थेच्या नावात एखादं अक्षर बदलून संकेतस्थळ चालवणारा हे प्रत्येक संकटात उगवतात. दुवा दाबून देऊ नका. संस्थेचा पत्ता स्वतः लिहून उघडा. प्रशासकीय खर्च शून्य असल्याचा दावा करणाऱ्यावर मात्र माझा अजिबात विश्वास नाही. हिशेबनीसाला पगार लागतो आणि ट्रकला डिझेल.

रक्कम छोटी आहे म्हणून लाजू नका. १८४७ मध्ये आयर्लंडच्या दुष्काळाची बातमी ऐकून अमेरिकेतल्या चोक्टॉ या मूलनिवासी लोकांनी आपसांत १७० डॉलर जमवून पाठवले. ते स्वतः काही वर्षांपूर्वीच आपल्या भूमीतून हाकलले गेले होते आणि वाटेत त्यांची हजारो माणसं मेली होती. २०२० मध्ये करोनाच्या साथीत नवाहो आणि होपी कुटुंबांसाठी निधी उभा राहिला तेव्हा ती आठवण ठेवून हजारो आयरिश लोकांनी त्यात पैसे टाकले.

तुमच्या ओळखीत त्या भागातून आलेलं कुणी असेल, शेजारी, सहकारी, विद्यार्थी, तर त्यांच्यामार्फत नातलगांना जाणारा पैसा ही सगळ्यात जलद मदत. घरच्यांना पाठवताना त्यांचं स्वतःचं इथलं भाडं थकलेलं असतं, हे बरेचदा कुणाच्या लक्षातही येत नाही. तेव्हा त्यांना उसने द्या किंवा सरळ द्या.

चौथी पायरी: तुम्ही स्वतः त्या भागात असाल तर

इथे चुकलं तर जीव जातो, म्हणून जरा थांबून वाचा.

भुकेला माणूस समोर आला की पोटभर वाढावं असं वाटतं. पूर्ण उपाशी, हाडं दिसायला लागलेल्या माणसाला ते करू नका. बरेच दिवस अन्न नसलं की शरीर स्वतःची चरबी जाळून चालतं. अचानक भरपूर पिष्टमय किंवा गोड खाल्लं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं आणि हृदय बंद पडू शकतं. १९४५ मध्ये नाझी छळछावण्या मुक्त झाल्या तेव्हा सैनिकांनी प्रेमाने दिलेलं जड अन्न खाऊन सुटका झालेली माणसं दगावली. थोडं, पातळ, दर दोन-तीन तासांनी, रात्रीही. प्रमाण वाढवायचं ते काही दिवसांत, आणि शक्य तितक्या लवकर आरोग्य केंद्राच्या देखरेखीखाली.

मुलांसाठी सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे कागदी-प्लास्टिकची एक पट्टी. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाचा डावा हात कोपरात वाकवून खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर खूण करायची, मग हात सैल सोडायचा आणि तिथला घेर मोजायचा. पट्टी न दाबता, न सैल. ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला तर मूल अतितीव्र कुपोषित आहे, त्याच दिवशी उपचार हवेत. ११.५ ते १२.५ च्या मधे असेल तर मध्यम कुपोषित, पूरक आहारासाठी नाव नोंदवा आणि दर आठवड्याला पुन्हा मोजा. हे शिकायला अर्धा तास पुरतो आणि आया ते कार्यकर्त्यांइतकंच नीट करतात. गल्लीतल्या प्रत्येक घरी एक पट्टी असली तर मूल खंगायच्या आतच सापडतं.

पट्टी एक गोष्ट चुकवते: सूज. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबा. खळगा तसाच राहिला तर मूल गुबगुबीत दिसत असलं तरी ते अतितीव्र कुपोषित आहे.

अशा मुलाला चांगली भूक असेल आणि दुसरा आजार नसेल तर उपचार घरीच होतो. शेंगदाणा, दूध पावडर, तेल, साखर आणि जीवनसत्त्वं यांची पेस्ट ९२ ग्रॅमच्या पुडीत मिळते, एका पुडीत ५०० कॅलरी. १९९० च्या दशकात फ्रान्समध्ये ती तयार झाली. शिजवावी लागत नाही, पाणी लागत नाही, फ्रिज लागत नाही. म्हणूनच ती क्रांती ठरली. ते औषध आहे, खाऊ नाही. घरातल्या इतर मुलांत वाटलं गेलं की आजारी मूल बरं होत नाही, तेव्हा कुटुंबाच्या जेवणाचीही सोय त्याच वेळी व्हायला हवी. मूल सुस्त असेल, खात नसेल, ताप किंवा जुलाब असतील तर थेट दवाखाना. नेताना अंगाला अंग लावून उबेत ठेवा, आणि शुद्धीवर असेल तर ५० मिलिलिटर स्वच्छ पाण्यात चमचाभर साखर घालून घोट-घोट पाजा. थंडी आणि रक्तातली साखर उतरणं, या दोन गोष्टी अशी मुलं वाटेतच घेऊन जातात.

जुलाबासाठी साखर-मीठ-पाणी: १ लिटर स्वच्छ पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडण्यापेक्षा थोडं कमी पडलेलं बरं. हे बाकीच्या मुलांसाठी. अतितीव्र कुपोषित मुलाला नेहमीचं ओआरएससुद्धा जड जाऊ शकतं, त्यांच्यासाठी कमी मिठाचं वेगळं मिश्रण असतं आणि ते दवाखान्यातच द्यायचं.

बाळाच्या दुधाचे डबे वाटू नका. घाण पाण्यात कालवलेलं, पुरवण्यासाठी पातळ केलेलं डब्याचं दूध उपासमारीत बाळांचा जीव घेतं, आणि आईचं दूध एकदा तुटलं की परत आणणं कठीण. आई खंगलेली असली तरी तिला दूध येतं. तेव्हा आईला जास्तीचं जेवण, पाणी आणि बसायला आडोसा द्या. ज्या बाळाला आईच नाही, त्याची वेगळी सोय आरोग्य कर्मचारी करतील.

दुष्काळात माणसं निव्वळ भुकेने थोडी मरतात. जास्त मरतात ती गोवर, जुलाब, न्यूमोनिया, हिवतापाने, कारण अशक्त शरीराला तेवढा धक्काही पुरतो. म्हणून गोवराची लस आणि 'अ' जीवनसत्त्व हे अन्नाइतकंच महत्त्वाचं. अशा आणीबाणीत लस ६ महिन्यांपासूनच दिली जाते. घरोघर जाऊन 'उद्या लस आहे' सांगणारा माणूस हवाच असतो, आणि त्याला पदवी लागत नाही. पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला किमान १५ लिटर, संडास २० माणसांमागे एक, आणि अन्न साधारण २,१०० कॅलरी.

सामुदायिक स्वयंपाकघर काढायचं असेल तर एक प्रचंड काढण्यापेक्षा दहा छोटी काढा. गर्दी जमली की रोग पसरतो, आणि लांबून चालत येण्यातच अशक्त माणसाची ताकद संपते. यादी मोहल्ल्यातल्या बायकांकडून करून घ्या. कुणाच्या घरी चूल पेटली नाही ते त्यांनाच ठाऊक असतं. म्हातारे, अपंग, एकटी मुलं रांगेत येतच नाहीत, त्यांना डबा घरी पोचवा. वाढण्याची वेळ ठरलेली असू द्या, म्हणजे दिवसभर ताटकळावं लागणार नाही. जळण लोक कुठून आणतात ते पाहा. लांब रानात एकट्या जाणाऱ्या बायकांवर हल्ले होतात. आणि दारावर ठळक लिहा की ही मदत फुकट आहे, त्याच्या बदल्यात कुणीही काहीही मागायचं नाही. मदतीच्या रांगेत बायकांकडे शरीर मागितलं गेल्याच्या घटना अनेक संकटांत घडल्या आहेत. तक्रार कुणाकडे करायची ते नावही तिथेच लिहा, आणि ते नाव बाईचं असू द्या.

भुकेला माणूस कृतज्ञच वागेल अशी अपेक्षा सोडा. १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांवर, त्यांच्या संमतीने, उपासमारीचा प्रयोग सुरू झाला. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं गेलं. ती माणसं चिडचिडी, सुस्त, संशयी झाली, ताट चाटू लागली, दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली. रांगेत भांडणारा, भाकरी लपवणारा, 'कामाला चला' म्हटल्यावर न उठणारा माणूस आळशी किंवा लबाड नसतो. ते भुकेलं शरीर बोलत असतं.

पाचवी पायरी: आवाज, पण सांभाळून

आजचे दुष्काळ बहुतेक युद्धातून येतात. २०१७ मध्ये दक्षिण सुदान, २०२४ मध्ये सुदानमधली विस्थापितांची झमझम छावणी, ऑगस्ट २०२५ मध्ये गाझा: तिन्ही ठिकाणी पावसापेक्षा बंदुका आणि अडवलेले रस्ते जबाबदार. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने मे २०१८ मध्ये ठराव २४१७ करून उपासमारीचा युद्धात हत्यार म्हणून वापर करण्याचा तीव्र निषेध केला आहे. तेव्हा आपल्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहिताना 'काहीतरी करा' असं मोघम लिहू नका. अमुक रस्ता किंवा सीमा खुली करण्यासाठी सरकार काय करतंय, मदतनिधीत देशाचा वाटा किती आणि तो दिला गेला का, असं नेमकं विचारा. दहा जणांनी वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेली दहा पत्रं एकाच मजकुराच्या हजार संदेशांपेक्षा जास्त वाचली जातात, असं मला वाटतं.

आणि हाडं दिसणाऱ्या नागड्या मुलाचा फोटो पुढे ढकलण्याआधी थांबा. त्याच्या आईने परवानगी दिली आहे का? तुमच्या मुलाचा असता तर टाकला असता का? फोटो जुना किंवा दुसऱ्याच देशाचा निघाला तर खऱ्या संकटावरचाही विश्वास उडतो.

शेवटची पायरी: पाऊस पडल्यावर थांबू नका

१८४७ च्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये सरकारी सूपघरांतून रोज सुमारे ३० लाख लोकांना अन्न मिळत होतं, आणि ती योजना लोकांना जगवत होती. मग बटाट्याचं पीक बरं आलं म्हणून शरद ऋतूपर्यंत ती गुंडाळली. पीक बरं होतं, पण पेरलंच फार थोडं होतं. बियाणाचे बटाटे लोकांनी आदल्या वर्षी खाल्ले होते. माणसं पुढची काही वर्षं मरत राहिली.

पहिला पाऊस पडतो तेव्हा बातम्या थांबतात आणि देणग्याही. पण पेरणी ते कापणी हाच सगळ्यात उपाशी काळ असतो: काम कष्टाचं, कोठार रिकामं. वर पावसाबरोबर कॉलरा आणि हिवताप येतो. म्हणून दरमहाची देणगी निदान पहिली कापणी घरात येईपर्यंत चालू ठेवा. त्या काळात संस्थेला विचारा की बियाणं पेरणीआधी पोचलं का, कारण पंधरा दिवस उशिरा आलेलं बियाणं फक्त शिजवायच्या कामाचं. अवजारं विकली गेली होती का, ती परत मिळाली का. ज्यांची जनावरं गेली त्यांना दोन-चार शेळ्या, आणि उरलेल्या जनावरांना लस. सावकाराचं कर्ज किती चढलंय, कारण ते फेडण्यासाठी नवं पीक शेतातूनच उचललं जाणार असेल, तर घरात पुन्हा काहीच येणार नाही. आणि दंडाची ती पट्टी घराघरांत तशीच राहू द्या, पुढच्या वर्षी पुन्हा मोजायला.